शिडाखालचे जुने इंजिन

पंचवीस-तीस वर्षांची शिडाची नौका विकत घेऊ पाहणाऱ्या मनुष्यास जो पहिला सल्ला मिळतो तो बहुधा असा असतो, की तळ पाहा, डोलकाठी पाहा, शिडे उलगडून पाहा. इंजिनाच्या भानगडीत मात्र पडू नका, ते बदलूनच टाका. हा सल्ला देणाऱ्यांत नौकांचे दलाल असतात, नव्या इंजिनांचे विक्रेते असतात, आणि ज्यांनी इंजिनाच्या कप्प्याचे झाकण आजवर कधी स्वहस्ते उचललेले नाही असे हौशी नाविकही असतात. आणि तो इतक्या सहजपणे दिला-घेतला जातो, की इंजिनाची बाजू ऐकून घेण्याची तसदी कोणीच घेत नाही. माझ्या मते हा निकाल बहुतेक प्रकरणांत एकतर्फी असतो. डिझेल इंजिनास वयापेक्षा उपेक्षाच अधिक भोवते, आणि ज्या उपेक्षेने जुने इंजिन निकामी झाले तीच उपेक्षा कायम राहिली तर नवे कोरे इंजिनही थोड्याच वर्षांत त्याच वाटेने जाते.

शिडाच्या नौकेवर इंजिन हे दुय्यम साधन समजले जाते, आणि वारा असेपर्यंत ते तसे असतेही. परंतु वारा पडला, ओहोटीचा ओढा नौकेस खडकांकडे नेऊ लागला, किंवा बंदराच्या अरुंद तोंडातून इतर होड्यांची गर्दी चुकवीत आत शिरावयाचे झाले, म्हणजे महिनोन् महिने ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही अशा या चाकराने हाकेसरशी उठून चोख कामगिरी बजावावी अशी धन्याची अपेक्षा असते. आश्चर्य असे, की जुन्या पिढीचे डिझेल इंजिन थोड्याशा निगेच्या मोबदल्यात ही अपेक्षा पुरी करू शकते. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे झाली, तेव्हापासून त्याचे मूलतत्त्व बदललेले नाही : हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबावयाची, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि तीत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. यानमारची जीएम मालिका, व्होल्वो पेंटाची एमडी मालिका, पर्किन्सचे चार सिलिंडरांचे ४-१०८, ही जी इंजिने जगभरच्या जुन्या नौकांत आजही आढळतात, त्यांचा इंधनपंप सर्वस्वी यांत्रिक आहे. एकदा सुरू झाल्यावर त्यांना विजेची गरज उरत नाही. बॅटरी उतरली, तारा गंजल्या, दिवे गेले, तरी स्वच्छ इंधन, हवा आणि थंड पाणी मिळेपर्यंत ती चालतच राहतात. इतकी, की त्यांतल्या पुष्कळांना थांबवावयासही केबल ओढून इंधन तोडावे लागते. किनाऱ्यापासून दूर असलेल्या मनुष्यास याहून भरवशाचा गुण कोणता हवा?

मग ही इंजिने निकामी का होतात? हौशी नौकेचे इंजिन वर्षाकाठी फार तर शंभरेक तास चालते, म्हणजे तीस वर्षांत त्याचे तीन हजार तास भरतात. नीट राखलेल्या डिझेल इंजिनास हे आयुष्य काही मोठे नव्हे. झीज होते ती चालण्याने थोडी आणि न चालण्याने फार. मुंबईकर चाकरमान्याचे कोकणातले घर जसे राहत्या माणसांमुळे मोडत नाही, ते बंद राहिल्यामुळे कौलापासून जोत्यापर्यंत खचते, तसेच हे आहे : इंजिन उभे राहिले म्हणजे सिलिंडरवरचा तेलाचा पातळ थर ओघळून जातो, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवाटे खारी दमट हवा आत शिरते, पिस्टनच्या रिंगा आपल्या खाचांत चिकटतात, आणि सहा महिन्यांनी किल्ली फिरवणारा धनी म्हणतो की इंजिन म्हातारे झाले. दुसरी एक रूढ चूक याहून फसवी आहे. नांगरावर असताना केवळ बॅटरी भरण्यासाठी इंजिन भाराविना, मंद गतीने, तासन् तास चालू ठेवले जाते; त्यामुळे ते पुरते तापत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात, आणि तेल जळू लागते. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास नौकेचा पंखा (प्रोपेलर) जोडून, भाराखाली इंजिन चालवणे, एवढा या दोन्ही दोषांवरचा साधा इलाज आहे.

पाण्याचा मामला अधिक नाजूक. शिडाच्या नौकेचे इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होते. ते पाणी तळातल्या सी-कॉकमधून आत येते, गाळणीतून जाते, रबरी इंपेलर ते पुढे ढकलतो, आणि शेवटी एक्झॉस्टच्या धुराबरोबर ते नौकेच्या पाठीमागे बाहेर पडते. म्हणून जाणता तांडेल इंजिन सुरू होताच आधी मागे वाकून पाहतो : पाण्याची पिचकारी उडते आहे की नुसता कोरडा धूर येतो आहे? सी-कॉक उघडावयाचा राहिला असेल, तर कोरडा फिरणारा इंपेलर पाहता पाहता जळून त्याची पाती तुटतात. येथे नवशिका मनुष्य नवा इंपेलर बसवून मोकळा होतो. अनुभवी मिस्त्री मात्र जुन्याचे तुकडे फडक्यावर मांडून पाते न् पाते जुळवतो, कारण जो तुकडा सापडला नाही तो पुढे जाऊन शीतकाच्या तोंडाशी अडकलेला असतो, आणि पुढच्या खेपेस इंजिन तापले म्हणजे कारण शोधून सापडत नाही. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत तर थर्मोस्टॅट मुद्दामच कमी तापमानाचा असतो, कारण पाणी ६० अंशांच्या फार वर गेले की त्यातले क्षार आतल्या वाटांत साचू लागतात. त्यांतल्या पुष्कळ इंजिनांत इंजिनाचे लोखंड वाचावे म्हणून स्वतः गंजून जाणारी जस्ताची कांडी बसवलेली असते. ती झिजून संपल्यावर पाळी लोखंडाची येते, हे ठाऊक असूनही ती काढून पाहणारे मालक थोडेच.

याच वाटेवर, जेथे पाणी आणि धूर एकत्र होतात, तेथे एक्झॉस्टचा एल्बो असतो. काजळी आणि मीठ यांचे थरावर थर बसून त्याचे भोक हळूहळू आक्रसते, धुरास बाहेर पडावयास वाट उरत नाही, इंजिन काळा धूर ओकू लागते, तापते, भार घेत नाही. आणि 'पिस्टन गेले, रिंगा गेल्या' असा गळा काढून हजारो रुपयांचा ओव्हरहॉल अंगावर घेतला जातो. एल्बो खोलून आत बोट घालून पाहण्याचे श्रम घेतले असते, तर पुष्कळ इंजिनांवरचा मोडीत काढण्याचा हुकूम रद्द झाला असता.

इंधनाची गोष्ट अशीच. अर्धी रिकामी टाकी वर्षभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ गार होऊन पाणी तळाशी साचते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळ धरतो. शांत खाडीत हा गाळ मुकाट पडून असतो. वादळी समुद्रात नौका हेलकावू लागली की तो ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबवतो. खवळलेल्या समुद्रात इंजिन का बंद पडते, याचे उत्तर बहुधा या गाळात असते. टाकी भरलेली ठेवणे, तळाचे पाणी वेळोवेळी काढून टाकणे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे, आणि फिल्टर बदलल्यावर इंधनाच्या नळ्यांतली हवा काढता येणे, एवढी विद्या प्रत्येक मालकास आली पाहिजे. हवा काढणे म्हणजे फिल्टरवरचा स्क्रू किंचित सैल करून हातपंप मारावयाचा; आधी फेसाळ डिझेल येते, मग बुडबुड्यांची फुसफुस थांबून स्वच्छ धार लागते, की स्क्रू आवळावयाचा. महाराष्ट्रात विहिरीवर डिझेलचे इंजिन चालवणाऱ्या शेतकऱ्यांच्या पिढ्यांना ही कृती पाठ होती. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली. अशा कारखान्यांची इंजिने ज्या शिवारांत गेली तेथे पाने आणि पेचकस चालवण्याची विद्याही त्यांच्यामागून गेली. लाखोंची नौका बाळगणाऱ्या सुशिक्षित मनुष्यास मात्र त्याच कामासाठी गोदीवरून मिस्त्री बोलवावा लागतो, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

एक चूक तर इंजिनाचे मरण ओढवते. इंजिन पेट घेत नाही म्हणून स्टार्टर पुनःपुन्हा दाबला जातो. तो फिरत असता पाण्याचा पंपही फिरतो आणि पाणी एक्झॉस्टमध्ये भरत जाते. ते बाहेर फेकावयास धुराचा जोर नसतो, म्हणून ते उलटे चढून व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पुढच्या फेरीस कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरोखरीच नवे इंजिन घ्यावे लागते. स्टार्टर फार वेळ मारावयाचा असेल तर सी-कॉक आधी बंद करावा आणि इंजिनाने पेट घेताच उघडावा, ही एक ओळ कप्प्याच्या झाकणावर रंगवून ठेवली तरी कितीएक इंजिने वाचतील.

नव्या इंजिनाचा पक्षही न्यायाने मांडला पाहिजे. ते आवाज कमी करते, धूर कमी सोडते, इंधनात काही बचत करते, आणि त्याचे सुटे भाग काही वर्षे तरी हमखास मिळतात. ज्या इंजिनाचा ब्लॉक आतून गंजून फुटला, ज्याचे कॉम्प्रेशन सर्व सिलिंडरांत उतरले, किंवा ज्याचे भाग कोणत्याही बाजारात मिळेनासे झाले, ते भावनेपायी जपणे हा शुद्ध अपव्यय आहे. परंतु इंजिन बदलणे म्हणजे केवळ एक यंत्र उचलून दुसरे ठेवणे नव्हे. बैठक नवी करावी लागते, शाफ्टची रेषा नव्याने जुळवावी लागते, पंखा बहुधा बदलतो, एक्झॉस्टचा व्यासही बदलतो, आणि या जमाखर्चात टाकीतला जुना गाळ मात्र जसाच्या तसा शिल्लक राहतो. शिवाय अनेक नव्या इंजिनांत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे. त्यांचा दोष शोधावयास पान्याऐवजी संगणक आणि कंपनीचा अधिकृत माणूस लागतो, आणि तो दाभोळच्या किंवा विजयदुर्गच्या खाडीत हाकेच्या अंतरावर नसतो.

हा श्रीमंतांच्या शौकाचा प्रश्न आहे, सर्वसाधारण वाचकास त्याचे काय, असे कोणी विचारील. आपल्या किनाऱ्याचा शिडाच्या नौकांशी संबंध एवढा वरवरचा नाही. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ साली ज्या नौकेतून ती केली, ती 'सुहैली' मुंबईत, सागवानात बांधलेली होती. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान ज्या 'म्हादेई'वर मिळवला, ती गोव्यात दिवाडीस बांधली गेली. नौका बांधण्याची विद्या आपल्याकडे आहे. ती पन्नास वर्षे राखण्याची विद्या तेवढीच प्रतिष्ठित झाली पाहिजे. ती समूळ नाही असेही नव्हे : पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, आणि त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यांतून पंप-नोझल तपासणे, तेल बदलणे, शाफ्टचा ग्लँड भरणे ही कामे चालतात. मच्छीमाराचे पोट त्या इंजिनावर असते, म्हणून तो त्यास विसरत नाही.

सरकारने आणि शिक्षणसंस्थांनी याबाबत काही तजवीज करावी अशी माझी सूचना आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'मेकॅनिक डिझेल' हा अभ्यासक्रम आहे, पण त्याचा भर प्रामुख्याने रस्त्यावरच्या वाहनांवर आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या संस्थांत खाऱ्या पाण्याचे शीतकरण, पाणीमिश्रित एक्झॉस्ट आणि शाफ्टची जुळवणी यांना त्यात भरघोस जागा द्यावी, आणि या विषयावर मराठीत सोप्या, सचित्र पुस्तिका काढून त्या बंदरखात्याच्या कचेऱ्यांतून माफक किमतीत मिळाव्यात.

मालकांना सांगावयाचे ते थोडे आहे. इंजिनाची रोजनिशी ठेवा; तास, तेल, इंपेलर, फिल्टर, जस्त यांच्या तारखा लिहा. नौका उभी करण्यापूर्वी जुने तेल काढा, कारण त्यातली काजळी व आम्ले बेअरिंगला खातात. आणि जुने इंजिन मोडीत काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी टाकीचा तळ, एक्झॉस्टचा एल्बो आणि सिलिंडरांचे कॉम्प्रेशन या तीन गोष्टी तपासून घ्या. चांगला मिस्त्री सोबत असेल तर या कामास एक रविवार पुरतो. निकाल त्यानंतर द्यावा.