रीडिंग जुळवू नका

फेब्रुवारी आला की इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत, मध्यंतरातल्या वड्यांच्या रांगेत एकच चर्चा असते: पुढच्या वर्षी टेन्थ ग्रेडला केमिस्ट्री ऑनर्स घ्यायची की रेग्युलर? एक म्हणतो, ऑनर्सला वेटेड जीपीएत अर्धा पॉइंट जास्त मिळतो. दुसऱ्याला धास्ती, ए चा बी झाला तर? तिसरा शांतपणे सांगतो, आम्ही उन्हाळ्यातच क्लास लावून पोर्शन संपवून टाकतो. एवढ्या चर्चेत केमिस्ट्री कुठेच नसते.

माझं मत विचाराल तर ज्या मुलाचं बीजगणित बरं आहे, त्याने ऑनर्स जरूर घ्यावी. पण पोर्शन आधी संपवून नव्हे, आणि आईवडिलांनी लॅब रिपोर्टपासून हात लांब ठेवावेत. हे दुसरं मी अनुभवाने सांगतोय.

गेल्या वर्षी मुलीच्या वर्गात मॅग्नेशियमची फीत जाळायचा प्रयोग होता. क्रुसिबलमध्ये फीत ठेवायची, झाकण लावून तापवायची, अधूनमधून झाकण जरासं उचलून हवा आत जाऊ द्यायची आणि शेवटी वजन करायचं. वाढलेलं वजन ऑक्सिजनचं. त्यावरून ऑक्साइडचं सूत्र काढायचं. तिने ०.३० ग्रॅम मॅग्नेशियम घेतलं होतं आणि शेवटी भरले ०.४६ ग्रॅम. म्हणजे ऑक्सिजन ०.१६ ग्रॅम. मोलमध्ये गुणोत्तर निघालं सव्वाला एक, आणि सूत्र झालं पाच मॅग्नेशियमला चार ऑक्सिजन! रात्री दहा वाजता ती रडवेली होऊन बसली होती. मी एका नजरेत सांगितलं, "अगं, ०.५० यायला हवं. तेवढं लिही आणि झोप."

बारावीला आम्ही हेच तर करायचो. ब्युरेटची तिन्ही रीडिंग सारखी यायलाच हवीत, म्हणून पहिलं नीट घ्यायचं आणि उरलेली दोन जर्नलमध्ये आपोआप उगवायची. सी.बी.आर.चा, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंगचा, रकाना कसा सुंदर दिसायचा! सॉल्ट ॲनालिसिसला तर लॅबमधल्या मामांनी मान जराशी डोलावली की अर्धं काम झालेलं असायचं. मार्क छान पडले. टायट्रेशन मात्र आलं नाही.

तिने माझं ऐकलं नाही, कारण तिच्या सरांना आकड्यापेक्षा त्याखालचा परिच्छेद हवा होता: वजन कमी का भरलं? झाकण उचलताना पांढरा धूर निसटला, तो धूर म्हणजेच ऑक्साइड. शिवाय हवेत नायट्रोजनच जास्त, त्यामुळे थोडं मॅग्नेशियम नायट्राइडही बनतं आणि त्याचं वजन ऑक्साइडइतकं भरत नाही. म्हणून राखेवर पाण्याचे थेंब टाकून पुन्हा तापवायचं. थेंब टाकल्यावर अमोनियाचा वास येतो आणि ओला लाल लिटमस निळा होतो. तो वास तिला आला होता, पण कशाचा ते कळलं नव्हतं. रात्री साडेअकराला कळलं. थेंब टाकायची पायरी तिच्या गटाने घाईत उरकली होती. उन्हाळ्याच्या क्लासमध्ये उत्तर आधीच हाती पडलं असतं, तर ही रात्र तिच्या वाट्याला आली असती का?

एक व्यवहाराची गोष्ट. एपीचा, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचा, अभ्यासक्रम कॉलेज बोर्ड ठरवतं आणि किमान १६ प्रत्यक्ष प्रयोग हवेत असंही सांगतं. 'ऑनर्स' या शब्दाला मात्र बाहेरची अशी एकच परीक्षा नाही. एका शाळेत त्याचा अर्थ खोलवर मोल आणि स्टॉइकिओमेट्री, तर दुसरीकडे तेच पुस्तक, फक्त दोन धडे जास्त. तेव्हा अर्धा पॉइंट मोजण्याआधी शिक्षकांना विचारा, वर्षात प्रयोग किती आणि रिपोर्ट कोण वाचतं? आणि ऑनर्स गाळून थेट एपीला बसवायची घाई असेल, तर कॉलेज बोर्डच त्याआधी एक केमिस्ट्रीचा कोर्स झालेला असावा असं सुचवतं, हेही बघा.

मुलांना पाठांतराने पुढे न्यायचा आपला हट्टही जरा सोडायला हवा. आपण घोकलेला ६.०२३ सुद्धा आता राहिलेला नाही. २०१९ च्या मे महिन्यात मोलची व्याख्याच बदलली आणि ॲव्होगॅड्रोचा आकडा ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात असा कायमचा पक्का केला गेला.

आमच्या धाकट्याचा कोर्स निवडायचा फॉर्म यंदा आलाय. ऑनर्सवर खूण केली आहे. उन्हाळ्याच्या क्लासचा फॉर्म मात्र कोराच परत गेला, आणि त्यावरून घरात अजून धुसफूस चालू आहे.