बळ आणि भार

निरनिराळ्या काळांतील दोन मोटारींची तुलना करताना लोक प्रथम त्यांचा वेग विचारतात. इंग्लंडमधील ‘ब्लोअर बेंटले’ने १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर ताशी सुमारे २२२ किलोमीटरचा वेग गाठला, जपानमध्ये १९९० साली विक्रीस आलेली ‘होंडा एनएसएक्स’ ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने धावू शके. परंतु एवढ्यावरून निकाल देणे म्हणजे आजोबांना नातवाबरोबर पळावयास लावण्यासारखेच होय. वेग मिळविण्यासाठी कोणी कोणता मार्ग धरला आणि त्या मार्गावर कोणाचे ऐकले, हे पाहणे अधिक न्यायाचे ठरेल.

बेंटलेची मूळ गाडी साडेचार लिटर एंजिनाची, दणकट आणि भरवशाची होती. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिने १९२८ साली जिंकली होती. तथापि सर हेन्री बर्किन या धाडसी शर्यतपटूंचे तेवढ्याने समाधान होईना. लोहार भात्याने वारा घालून विस्तव फुलवतो, त्याप्रमाणे एंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र, म्हणजे सुपरचार्जर, गाडीच्या अगदी नाकाशी बसवावे असा त्यांनी आग्रह धरला. कारखान्याचे संस्थापक वॉल्टर बेंटले यांना हे मुळीच पसंत नव्हते. अधिक शक्ती हवी असेल तर एंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत होते. ते कोणी मानले नाही.

१९३० च्या ल मां शर्यतीत त्याचा प्रत्यय आला. बर्किन यांनी जिवावर उदार होऊन एका मर्सिडीझचा पाठलाग केला आणि दोन चाके गवतावर घालून तिला मागे टाकले. असे दृश्य पाहणाऱ्याचे भान हरपावे! पुढे ती मर्सिडीझ बंद पडली. पण दोन्ही ब्लोअर गाड्याही शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. जिंकली ती बेंटलेचीच ‘स्पीड सिक्स’, मोठ्या एंजिनाची आणि भात्यावाचून धावणारी.

होंडाच्या अभियंत्यांनी बळापेक्षा भाराचा विचार आधी केला. ब्लोअर दीड टनाहून जड होती. एनएसएक्सचा सांगाडा आणि बाह्यांग ॲल्युमिनियमचे केल्यामुळे तिचे वजन १,४०० किलोंच्या आत राहिले, म्हणून तीनच लिटरचे एंजिन तिला पुरले. ते आसनांच्या मागे बसवले होते. १९८९ साली ब्राझीलचे विश्वविजेते शर्यतपटू आयर्तन सेना यांनी सुझुका येथे ती चालवून पाहिली आणि गाडी काहीशी नाजूक वाटते, असे स्पष्ट सांगितले. गाडी जवळजवळ तयार झालेली असताना असे बोल ऐकणे कोणाला रुचेल? परंतु अभियंत्यांनी ते मनावर घेतले, जर्मनीतील नुरबुर्गरिंगच्या अवघड वळणांवर तिची पुनःपुन्हा परीक्षा केली आणि सांगाड्याची मजबुती सुमारे निम्म्याने वाढवली. सामान्य मनुष्यही ती गाडी रोज सुखाने चालवू शके. ब्लोअर मात्र कसलेल्या हातांवाचून वश होत नसे. गाडी म्हणून एनएसएक्सच श्रेष्ठ म्हटली पाहिजे.

तरीही चित्रांच्या पुस्तकात मुलांचे बोट आधी ब्लोअरवरच जाते. बेंटले कंपनीनेही २०१९ साली तिच्या हुबेहूब बारा नव्या प्रती घडविण्याचे जाहीर केले आणि त्या घडवल्या. संस्थापकांना नापसंत असलेला तो भाता त्या प्रत्येकीच्या नाकाशी बसवलेला आहे.