उतरत्या गोलंदाजाला संघात घ्यावे काय?

२४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी जेद्दा येथे आयपीएलचा मोठा लिलाव झाला, त्यात शार्दूल ठाकूरवर एकाही संघाने बोली लावली नाही. पायाभूत किंमत २ कोटी रुपये. हाच गोलंदाज २०२२ मध्ये दिल्लीने १० कोटी ७५ लाखांना घेतला होता. लिलावानंतर चारच दिवसांनी, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत केरळविरुद्ध त्याच्या ४ षटकांत ६९ धावा निघाल्या. त्या स्पर्धेतील आजवरच्या सर्वांत महागड्या गोलंदाजींपैकी ती एक होती. बोली न लावणाऱ्यांना आपण शहाणे ठरल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. आणि तरीही मार्च २०२५ मध्ये लखनौच्या संघाने जायबंदी मोहसिन खानच्या जागी त्याला त्याच २ कोटींत घेतले.

हा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. मात्र ते त्याने पुढे घेतलेल्या बळींवर आधारलेले नाही. निर्णयाचे मूल्यमापन निर्णयाच्या दिवशी हाती असलेल्या माहितीवरून करावे, निकालावरून करू नये. साहित्याच्या वर्गात ‘फॉर्म’ हा शब्द रूपबंधासाठी वापरला जातो आणि त्यावर तासन् तास वाद होतात. मैदानावरचा ‘फॉर्म’ मात्र कोणीही तपासून घेत नाही. तो गेला म्हणजे गेला. एखाद्या लेखकाची दोन पुस्तके फसली की ‘आता तो संपला’ असे आपल्याकडचे समीक्षक ज्या सहजतेने म्हणतात, तीच ही सहजता.

हाती असलेली माहिती काय होती? २०२१ च्या आयपीएलमध्ये ठाकूरने चेन्नईकडून २१ बळी घेतले; दिल्लीने १० कोटी ७५ लाख मोजले ते त्या २१ बळींचे. २०२२ मध्ये १५ बळी मिळाले. मग त्याला कोलकात्याला देऊन टाकण्यात आले. तेथे २०२३ मध्ये ११ सामन्यांत ७ बळी. पुन्हा चेन्नईत, ४ कोटींना, २०२४ मध्ये ९ सामन्यांत ५. हा आलेख सरळ खाली जातो हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ९ सामने म्हणजे फार तर ३६ षटके. एवढ्या चेंडूंमध्ये तीन झेल सुटले, दोन कडा यष्ट्यांना चाटून सीमेपार गेल्या, तर आकड्यांचा चेहराच बदलतो. जून २०२४ मध्ये त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली, ही बाबही त्या आकड्यांत कुठे दिसत नाही. बाजाराने २०२२ मध्ये एका चांगल्या वर्षाला कायमचे मानून जी चूक केली, तीच २०२४ मध्ये उलट्या अंगाने केली.

बेसबॉलमध्ये हा प्रश्न जुना आहे. शालेय क्रीडास्पर्धांमुळे बेसबॉल आणि सॉफ्टबॉल ही नावे जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांना परकी नाहीत, पण तिकडच्या व्यावसायिक खेळात चेंडू फेकणाऱ्यांची जी एक वेगळी जात असते तिच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. सामना सुरू करणारा फेकणारा थकला की उत्तरार्धात त्याची सुटका करायला दुसरा येतो. तो बहुधा एखादाच डाव टाकतो, आणि तोही सामना अटीतटीला आलेला असताना. वर्षभराचे त्याचे सगळे काम साठ-सत्तर डावांचे. इतक्या थोड्या कामावरून त्याची पारख करावी लागते, म्हणून अशा माणसांचे आकडे एका वर्षी आकाशात आणि पुढच्या वर्षी पाताळात असतात. या शतकाच्या आरंभी वोरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने दाखवून दिले, की फलंदाजाच्या बॅटला लागून मैदानात गेलेला चेंडू झेलला जाईल की निसटेल, यावर फेकणाऱ्याचा ताबा वाटतो त्याहून फारच कमी असतो. ते बरेचसे क्षेत्ररक्षकांवर आणि नशिबावर. त्याच्या ताब्यात असते ते बाद करण्याचे, फुकटचा तळ न देण्याचे आणि मैदानाबाहेर चेंडू न जाऊ देण्याचे काम. म्हणून शहाणे संघ एखाद्या उतरत्या माणसाकडे पाहताना ‘त्याने किती धावा दिल्या’ याच्या आधी ‘त्याच्या फेकीचा वेग टिकून आहे का, चेंडू अजून वळतो का’ हे विचारतात, आणि होकार मिळाला तर त्याला स्वस्तात करारबद्ध करतात.

आमच्या खानदेशातील केळी उत्पादकाला हे शिकवावे लागत नाही. मुख्य झाडाचा घड कापल्यावर बुंध्याशी आलेले एक पील राखून तो पीलबाग धरायची की सगळे उपटून नव्याने लागवड करायची, हा निर्णय रावेर-यावलच्या पट्ट्यात दरवर्षी घ्यावा लागतो. मागचा घड हलका आला, एवढ्यावरून तो बाग मोडत नाही. तो आधी विचारतो, की हलका का आला? थंडीचा चरका बसला असेल तर थंडी जाईल, बाग सावरेल. हरण्या असेल, म्हणजे विषाणू शिरला असेल, तर मात्र झाड उपटून बांधाबाहेर न्यावेच लागते. तेथे दयामाया कामाची नाही. आणि घडाला बाजारात मिळालेला भाव या दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. तो त्या दिवशीच्या मालमोटारींच्या संख्येवरही ठरलेला असू शकतो.

तेव्हा ठाकूरच्या बाबतीत प्रश्न असा, की हा चरका की हरण्या? शस्त्रक्रियेनंतर जानेवारी २०२५ मध्ये रणजी स्पर्धेत जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईची फलंदाजी कोसळली असता त्याने ५१ आणि ११९ धावा केल्या. मुंबई हरली, पण दिवसभर उभे राहण्याइतका पाय बरा झाला आहे हे दिसले. त्याच महिन्याच्या अखेरीस मेघालयाविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक घेतली. लाल चेंडूचे हे पुरावे पांढऱ्या चेंडूच्या खेळात जसेच्या तसे चालत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण रोग आत शिरलेला नाही, एवढे सांगायला ते पुरेसे होते. मेघालयाचा संघ दुबळा होता हेही खरे. तरी सलग तीन चेंडूंवर तीन बळी घ्यायला मनगट जागेवर असावे लागते.

शिवाय या माणसाचा इतिहास काय सांगतो? ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पणात १० चेंडू टाकून तो जायबंदी होऊन बाहेर गेला. पुढची कसोटी मिळाली जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तीही इतर गोलंदाज दुखापतींनी बाजूला झाले म्हणून. तेथे ७ बळी आणि पहिल्या डावात ६७ धावा. दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर येऊन काम करणे ही त्याची जुनी सवय आहे.

लखनौने त्याला घेतल्यावर काय झाले, तेही सांगतो. २७ मार्च २०२५ रोजी हैदराबादविरुद्ध ३४ धावांत ४ बळी. त्यातच त्याचे आयपीएलमधील १०० बळी पुरे झाले. ८ एप्रिलला कोलकात्यात त्याने एकाच षटकात ओळीने ५ वाइड टाकले, षटक ११ चेंडूंचे झाले आणि त्याच षटकात जमलेल्या अजिंक्य रहाणेला बादही केले. लखनौने तो सामना ४ धावांनी जिंकला. ठाकूर असाच आहे. धावा देतो, भागीदारी तोडतो. हंगामाअखेर १० सामन्यांत १३ बळी आणि षटकामागे ११ च्या आसपास धावा, असा हिशेब निघाला. संघ सातवा आला. या आकड्यांवरून निर्णय फार यशस्वी म्हणता येत नाही आणि फसला असेही नाही. षटके काटकसरीने टाकणारा कोणी हवा होता, तर तो चुकीचा माणूस. पण मधल्या षटकांत जमलेली जोडी फोडणारा हवा होता, तर २ कोटींत त्याच्याइतका अनुभवी कोण मिळाला असता?

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. तेहतिशीच्या माणसाला जागा दिली की एका कोवळ्या मुलाची जागा जाते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात. येथल्या मुलाला पुण्यापर्यंत पोचायचे म्हणजे जिल्हा, निमंत्रितांचे सामने, शिबिरे अशी चढण, आणि एका वाईट दिवसानंतर परतीची एसटी. त्याच्या बाजूने बोलायला मला आवडेल. पण लखनौचे उदाहरण या आक्षेपाला पुरेसा आधार देत नाही. हंगामाच्या आरंभी त्यांचे मयंक यादव, आवेश खान, आकाश दीपही जायबंदी होते, आणि ठाकूर संघात असतानाच प्रिन्स यादव या तरुण गोलंदाजालाही संधी मिळाली. त्या हैदराबादच्या सामन्यात ट्रॅव्हिस हेडचा त्रिफळा प्रिन्सनेच उडवला. एका टोकाकडून अनुभवी माणूस चार फटके खाऊन घेतो, तेव्हा दुसऱ्या टोकाच्या मुलावरचा भार हलका होतो.

ज्या मुलाची आपल्याला चिंता आहे, त्याचेही एक वर्ष वाईट जाणारच आहे. तेव्हा त्याला कोण सांभाळणार? एके काळी हे काम नोकरीने केले. रेल्वे, बँका, मोठ्या कंपन्या खेळाडूंना पगारावर ठेवीत. मुंबईच्या टाइम्स शील्डमध्ये हे कार्यालयीन संघ एकमेकांविरुद्ध खेळत, आणि हंगाम फुकट गेला तरी एक तारखेला पगार होई. आपल्या जळगावच्या जैन इरिगेशननेही त्या स्पर्धेत संघ उतरवून ही परंपरा चालवली. लिलावाच्या व्यवस्थेत वाईट वर्षाचा खर्च एकट्या खेळाडूच्या खिशातून जातो. ठाकूरच्या गाठीशी निदान मागच्या कराराचे पैसे होते. पायाभूत किमतीवर पहिल्यांदा घेतल्या गेलेल्या आणि एका हंगामानंतर सोडल्या गेलेल्या मुलाकडे तेही नसतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सने ठाकूरला लखनौकडून देवाणघेवाणीत घेतले. किंमत पुन्हा २ कोटी. त्याच्या महिनाभर आधी तो मुंबईच्या रणजी संघाचा कर्णधार झाला होता.