कर्तेपण कोणाकडे?

एकत्र कुटुंबातला कर्ता नुसता श्रीमंत असून भागत नाही. अडलेल्याला हात देणे आणि प्रसंगी स्वतः झीज सोसणे हेही त्याच्याकडे येते. जगाच्या अर्थकारणाचे याहून वेगळे नाही. अमेरिका व चीन यांच्या स्पर्धेची चर्चा बहुधा पहिला क्रमांक कोणाचा, एवढ्यावरच थांबते. खरा प्रश्न निराळाच आहे. उद्या संकट आले तर आपली बाजारपेठ उघडी कोण ठेवील आणि बुडणाऱ्याला कर्ज कोण देईल?

या प्रश्नाला उत्तर नसले की काय होते, ते १९३० च्या दशकाने दाखवून दिले. पहिल्या महायुद्धापर्यंत ही जबाबदारी मुख्यतः ब्रिटनने वाहिली. युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाला आणि अमेरिका सावकार झाली. परंतु जून १९३० मध्ये अध्यक्ष हूव्हर यांनी हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांचा विरोध डावलून जकातवाढीच्या स्मूट-हॉले कायद्यावर सही केली. मग इतरांनीही आपापली दारे लावून घेतली. मे १९३१ मध्ये व्हिएन्नातील क्रेडिटआन्स्टाल्ट ही बलाढ्य बँक कोलमडली, तेव्हा पुरेशी मदत वेळेवर मिळाली नाही. सप्टेंबरमध्ये खुद्द ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. थोरल्याला झेपेना आणि धाकटा पुढे होईना, अशी ती अवस्था होती. महामंदी इतकी लांबली ती यामुळेच, अशी मीमांसा अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स किंडलबर्गर यांनी १९७३ मध्ये केली.

या वादळाची झळ आपल्या शेतकऱ्यालाही लागली. धान्याचे आणि कापसाचे भाव कोसळले. सारा व सावकाराचे व्याज मात्र थांबले नाही. पौंड घसरला, त्याला बांधलेला रुपयाही घसरला आणि सोन्याचा भाव चढला. नाइलाजाने घरोघरचे दागिने विकले गेले आणि ते सोने मुंबई बंदरातून विलायतेला गेले. बड्यांच्या बेजबाबदारीची किंमत अशी तिसऱ्याच घरातल्या बाईच्या अंगावरून उतरली.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स येथे ४४ देश जमले, ते हा धडा घेऊनच. भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. तेथून नाणेनिधी व जागतिक बँक उभ्या राहिल्या आणि अमेरिकेने कर्तेपण पत्करले. त्यात धर्मादाय काही नव्हता. डॉलरला मिळालेले स्थान ही त्याची बिदागी होती. तोट्यातल्या देशांइतकाच भार शिलकीतल्या देशांनीही उचलावा, असे केन्स यांचे म्हणणे होते. तेव्हा शिलकीत असलेल्या अमेरिकेने ते मानले नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ कोणालाही न विचारता सोडली. तरीही २००८ च्या संकटात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांना डॉलर पुरवले, हे विसरता येत नाही.

आता हा थोरला कुरकुरू लागला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली. धाकट्या चीनची व्यापारी शिल्लक २०२४ मध्ये एक लाख कोटी डॉलरच्या घरात पोहोचली. पण इतरांचा माल तितक्याच सढळ हाताने घ्यायची त्याची तयारी दिसत नाही आणि त्याचे चलनही पूर्णपणे खुले नाही. १९३१ ची आठवण व्हावी, असेच हे चित्र आहे.

अशा वेळी भारताने कोणाची पालखी उचलावी, हा वाद निष्फळ आहे. आपली गंगाजळी भक्कम ठेवावी, निर्यातीच्या बाजारपेठा वाढवाव्यात आणि नियमांनी चालणाऱ्या संस्था टिकवण्यासाठी मध्यम देशांना जोडून घ्यावे. १९९१ मध्ये आपल्याला पुन्हा सोने परदेशी धाडावे लागले होते. ती पाळी तिसऱ्यांदा न येणे, हे सर्वस्वी परक्यांच्या मर्जीवर सोपवून चालणार नाही.