होडीचा रात्रीचा मुक्काम

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें हल्लीं जर्मनी-स्वित्झर्लंडकडे स्थायिक झालीं आहेत, आणि सुटींत शिडाच्या होडींतून सरोवरांवर हिंडण्याचा नाद त्यांतील कांहींस लागला आहे. सरोवर म्हणजे मोठेंसें तळेंच, तेथें भय तें कसलें, असें घरच्या वडील मंडळींस वाटतें. तें खरें नव्हे. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवर सुमारें ६३ किलोमीटर लांब व २५१ मीटर खोल आहे. पश्चिमेकडून वादळ उठलें म्हणजे लाटांस वाढावयास तेवढें मोकळें रान मिळतें. आल्प्समधून ऱ्हाईनच्या खोऱ्यानें उतरणारा ‘फॉन’ नांवाचा उष्ण वारा दक्षिणेकडून येतो, तो निराळाच. म्हणून संध्याकाळीं निवांत दिसणारा धक्का मध्यरात्रींहि निवांत राहील असें नाहीं. लिंडाऊ बेटाचें बंदर दगडी सिंह व दीपगृह यांमुळें चित्रांत फार शोभतें. परंतु त्याचें तोंड दक्षिणेस आहे, हें फॉन वाहूं लागल्यावरच ध्यानांत येतें. जागा निवडावी ती वारा पाहून, देखावा पाहून नव्हे. आपल्या कोंकणांतला नाखवा दुसरें काय करतो?

तेथील बंदरांतील बहुतेक जागा ज्याच्या त्याच्या ठरलेल्या असतात. मालक होडी घेऊन बाहेर गेला असेल, तर त्याच्या जागीं पाहुण्यांसाठीं हिरवी पाटी दिसते, एरवीं तांबडी. ही युक्ति आम्हांस फार आवडली. हिरवी पाटी पाहून होडी बांधावी आणि बंदराच्या अधिकाऱ्याकडे जाऊन रात्रीचें भाडें भरावें. मात्र सुटीच्या दिवसांत उन्हें उतरूं लागलीं कीं हिरव्या पाट्या दिसेनाशा होतात.

पाण्याची खोलीहि आधीं विचारून घ्यावी. डोंगरांवरील बर्फ वितळून उन्हाळ्यांत पाणी चढतें, पुढें हिवाळ्यापर्यंत उतरत जातें. हा फरक दीड मीटरच्या आसपास असतो. जुलैंत जेथें होडी सहज शिरली, तेथें ऑक्टोबरांत तिचा तळ गाळांत रुतूं शकतो.

किनाऱ्यावर नारिंगी दिवे मिनिटास ४० वेळां लुकलुकले, तर जोराच्या वाऱ्याचा इशारा समजावा. ९० वेळां लुकलुकले, तर वादळाचा. अशा वेळीं ठरलेल्या मुक्कामाचा हट्ट न धरतां जवळच्या सुरक्षित बंदरांत शिरावें, मग तेथें उपाहारगृह असो वा नसो. ‘ठरल्या ठिकाणीं न जातां अलीकडेच थांबलों’ असा मुलाचा निरोप आला, तर आईनें काळजी करूं नये.