विश्लेषण : सहावीत पोहोचूनही वाचता येत नाही, मग उपाय काय?

शाळा सुटलेले मूल पुन्हा शाळेत येते, वयानुसार पाचवी-सहावीत बसते. पण हातातले पाठ्यपुस्तक त्याला वाचता येत नाही. ‘निपुण भारत’ अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या वाचनावर आहे. त्यापुढे गेलेल्या मुलांना वाचते कसे करायचे, याची वाट पर्यायी शाळा आणि स्वयंसेवी संस्थांच्या अनुभवात सापडते.

प्रश्न किती मोठा?

‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार सरकारी शाळांतील पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आठवीत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे आठवीतल्या तिघांपैकी एक जण दुसरीच्या धड्यापाशीच अडकलेला आहे. तिसरीतील प्रमाण मात्र २०२२ मधील १६.३ टक्क्यांवरून २३.४ टक्क्यांवर गेले. लहान वर्गांत सुधारणा दिसते, आठवीत फारसा फरक नाही.

मुले मागे का पडतात?

देवनागरीत सुमारे ३५ व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर चारशेहून अधिक अक्षररूपे होतात. जोडाक्षरे वेगळीच. हे सारे पहिली-दुसरीत उरकले जाईल असे गृहीत धरले जाते. पण ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलाचे नेमके तेच महिने बुडतात. वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी पुस्तकातली मराठी ही मुळातच नवी भाषा असते. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. असे मूल फळ्यावरचे अक्षर सुबक उतरवून घेते, वह्या पूर्ण करते. त्यामुळे त्याला वाचता येत नाही हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पर्यायी शाळांत वेगळे काय होते?

सुरुवात प्रत्येक मुलाला एकट्याने वाचायला लावण्यापासून होते. अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट, यापैकी ते कुठवर पोहोचले आहे ते पाहून गट पाडले जातात. इयत्ता बाजूला ठेवली जाते. दुसरी गोष्ट क्रमाची. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरे घोकून मग बाराखडी, असे न करता मोजकी अक्षरे आणि एखादी मात्रा एकत्र घेतली जाते. क, म, ल आणि काना एवढ्यावर काम, माल, लाल, कमाल, काका, मामा हे शब्द तयार होतात. पहिल्या आठवड्यातच मूल अर्थ असलेले काही तरी वाचते. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाच्या संस्थापक, भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मराठीतील प्रारंभिक वाचनावर दीर्घकाळ काम केले. पालघर जिल्ह्यातील ‘क्वेस्ट’ संस्थेनेही आश्रमशाळांत मागे राहिलेल्या मुलांसोबत काम केले आहे.

तिसरी गोष्ट मानाची. बारा वर्षांच्या मुलासमोर पहिलीची बडबडगीते ठेवली, तर ते पुस्तकच मिटून टाकते. म्हणून आठवडी बाजार, शेतातले काम, क्रिकेटचा सामना असे त्याने सांगितलेले अनुभव शिक्षक चार ओळींत लिहून देतात आणि तोच वाचनपाठ होतो. शब्द ओळखीचे असल्याने अक्षर जुळवणे आणि अर्थ लावणे बरोबरीने चालते.

याला पुरावा आहे का?

‘प्रथम’ संस्थेच्या पातळीनुसार अध्यापनाच्या पद्धतीचे ‘जे-पाल’शी संबंधित अर्थतज्ज्ञांनी अनेक राज्यांत मूल्यमापन केले. उत्तर प्रदेशात एकूण सुमारे ५० दिवसांच्या शिबिरांनंतर परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या शाळांच्या जवळपास दुप्पट झाले. हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोजचा एक तास राखून ठेवला, तेव्हा हिंदी वाचनात सुधारणा दिसली. बिहारमध्ये मात्र शाळेच्या नेहमीच्या दिवसांत शिक्षकांना केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा फारसा फरक पडला नाही. त्याच राज्यात उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांना यश आले होते. म्हणजे शिक्षकाला शिकवता येत नाही असे नाही; वर्ष सुरू झाले की अभ्यासक्रम ‘पूर्ण करण्याचे’ ओझे वाचनाचा तास गिळून टाकते. हे पुरावे मुख्यतः प्राथमिक वर्गांतील आहेत. सहावी ते आठवीसाठी हीच पद्धत वयाला साजेसा मजकूर घेऊन राबवावी लागेल.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. नियमांनुसार त्याची मुदत किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षे आहे. प्रवेशाची नोंद पटावर होते. प्रशिक्षणाचे काय झाले, हे मात्र मुलाला वाचायला लावल्याशिवाय कळत नाही. दुसरीकडे, महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा सुरू झाली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पुरवणी मार्गदर्शन आणि फेरपरीक्षेची संधी आहे. त्यातही अपयश आले तर त्याच वर्गात बसावे लागते. पण ज्याला प्रश्नपत्रिकाच वाचता येत नाही, त्याला दोन महिन्यांत इतिहास-विज्ञानाची उजळणी देऊन काय साधणार?

पुढे काय करता येईल?

पाचवी ते आठवीच्या वेळापत्रकात रोज एक तास केवळ वाचनासाठी, पातळीनुसार गट, त्या तासाला अन्य कामातून मोकळा असलेला शिक्षक आणि दर दोन महिन्यांनी साधी तोंडी चाचणी, एवढे केले तरी सुरुवात होईल. यात महागडे काही नाही. कठीण आहे ते अभ्यासक्रम तासाभरासाठी थांबवण्याचे धाडस. ते शाळेने दाखवले नाही, तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसवलेले मूल पुन्हा शाळेबाहेर जाण्याची शक्यताच अधिक.