मेलेल्या माशाच्या मेंदूतला ठिपका

मेंदूच्या चित्रात लाल ठिपका दिसला, की ‘विचार येथे चालला आहे’ असे आपण म्हणून टाकतो. परंतु चुंबकीय अनुस्पंदनाचे यंत्र विचार टिपत नाही. रक्तातील प्राणवायूत पडणारा अगदी थोडा फरक टिपते. रंग मागाहून संगणक भरतो.

२००१ साली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने ५० विधानांची प्रश्नावली केली. स्वमग्नतेसारखी लक्षणे इतरांतही कमीअधिक असतात, हे तिच्यातून दिसले. पुढे संशोधक तिच्यातील गुणांची मेंदूच्या चित्रांशी सांगड घालू लागले. प्रयत्न चांगलाच आहे. पण एका चित्रात हजारो बिंदू तपासायचे, तर काही निव्वळ योगायोगानेच उजळणार! २००९ साली अमेरिकेतील क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. योगायोगाची वजावट न करता गणित मांडले, तेव्हा त्याच्याही मेंदूत ठिपका उमटला. (भौतिकीच्या प्रयोगशाळेत मी चूकमर्यादा लिहा म्हणून उगीच ओरडत नाही.)

शिवाय असे निष्कर्ष समूहाच्या सरासरीचे असतात. वर्गात एकटा बसून आगगाड्यांचे वेळापत्रक पाठ करणाऱ्या मुलावर त्यांचा शिक्का कसा मारणार? स्वमग्नतेचे निदान आजही तज्ज्ञ मुलाचे वागणे पाहून, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलूनच करतात.